दोन पायांवर उभा राहणारा बोका : प्राणी-पात्रं काढायला शिकताना

मांजराच्या मागच्या पायात मागे वळलेला जो सांधा ठळक दिसतो, तो गुडघा नाही. ती टाच आहे. गुडघा वर, पोटाजवळच्या कातडीत अर्धा लपलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. मांजर, कुत्रा, कोल्हा, बिबट्या हे सगळे बोटांवर चालतात, टाच कायम अधांतरी. घोडा तर प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या टोकावर, म्हणजे खुरावर उभा असतो. माणूस आणि अस्वल मात्र अख्खा तळपाय जमिनीला टेकवतात. माणसासारखी उभी राहणारी, कपडे घालणारी, बोलणारी प्राणी-पात्रं ज्यांना काढायची आहेत, त्यांनी पहिल्याच दिवशी ही गोष्ट पक्की करून घ्यावी.

अशा पात्रांना ती काढणारी मंडळी 'अँथ्रो' म्हणतात. नवशिके बहुतेक वेळा डोळ्यांपासून सुरुवात करतात, मग कान, मग गालांवरचे झुपके. चेहरा गोड होतो आणि मानेखाली उतरलं की चित्र अडतं. खरी अडचण जोडांची असते. मान, खांदा, हाताचा पंजा, शेपटीचं मूळ आणि टाच या पाच ठिकाणी प्राणी संपून माणूस सुरू होतो, किंवा उलट. तिथे नक्की काय करायचं हे ठरवलेलं नसेल, तर चित्र माणसाच्या धडावर मुखवटा चढवल्यासारखं दिसतं. म्हणून या लेखात चेहऱ्याआधी जोड येतील.

एकच प्राणी धरा

आज ड्रॅगन, उद्या ससा, परवा लांडगा असं केलं की दर वेळी पाटी कोरी होते. निदान पहिले तीन महिने एकाच प्राण्याला चिकटून राहा. मी इथे मांजर घेतलं आहे. जिन्यात, गच्चीवर, मासळी बाजारात ते कुठेही भेटतं, तासन्‌तास झोपतं आणि जागं झालं की अंग इतक्या तऱ्हांनी वळवतं की वही पुरत नाही. पुढे वाघ-बिबट्या काढायचे झाले तरी हाच सांगाडा थोड्या फरकाने कामाला येतो. तुमच्या दारात बकरी किंवा गावठी कुत्रा असेल तर खुशाल तो घ्या. जो प्राणी फक्त फोटोत भेटणार आहे, तो पहिला प्राणी म्हणून नको.

साहित्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. एचबी आणि २बी पेन्सिल, खोडरबर आणि स्वस्त कागदाची जाड वही. कागद महाग असला की हात आखडतो. मोबाइलवर काढत असाल तर आयबिस पेंट, संगणकावर क्रिता. क्रिता पूर्णपणे मोफत आहे. ब्रशच्या याद्यांत अडकू नका, एक गोल ब्रश पुरे.

आता बघायचं कसं? झोपलेल्या मांजरासमोर बसा आणि अर्ध्या मिनिटात एक चित्र संपवा. त्यात फक्त कण्याची रेघ हवी, डोक्याच्या मागून निघून शेपटीच्या टोकापर्यंत जाणारं एकच सलग वळण. तिला छातीचा एक अंडाकार, कमरेचा एक आणि डोक्याचा गोळा जोडा. अशी दहा-बारा झाली की मग एकच चित्र सावकाश, पंधरा-वीस मिनिटं घेऊन करा. त्यानंतर मांजराकडे पाठ फिरवा आणि तेच आठवून काढा. ज्यांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या, त्यांना स्मरणचित्राचा सराव आठवत असेल. तोच सराव इथे सर्वांत जास्त उपयोगी पडतो, कारण कल्पनेतलं पात्र काढताना समोर काहीच नसतं. आठवून काढलेल्या चित्रात जो भाग पुसट राहिला, तेवढाच पुन्हा जाऊन बघा.

भायखळ्याच्या राणीबागेत किंवा कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेलात तर येरझारा घालणाऱ्या वाघाचं चित्र एका दमात पूर्ण करायचा हट्ट धरू नका. एका पानावर चार चित्रं अर्धवट सुरू करा. वाघ वळून पुन्हा त्याच पवित्र्यात आला की त्या-त्या चित्रात थोडी भर घाला.

किती माणूस, किती प्राणी

पात्र काढायच्या आधी हे ठरवावं लागतं. क्योतोच्या कोझान-जी मठाच्या बाराव्या-तेराव्या शतकातल्या चित्रगुंडाळ्यांत ससे आणि बेडूक कुस्ती खेळतात. तिथे शरीरं जवळपास प्राण्यांचीच आहेत, माणसाचं आहे ते उभं राहणं आणि वागणं. दुसऱ्या टोकाला अख्खा माणूस, फक्त कान आणि शेपटी प्राण्याची. आपलं पात्र या दोन टोकांमध्ये कुठेतरी बसतं.

मधल्या जागा समजून घ्यायला आपल्याकडच्या मूर्तींसारखा गुरू नाही. पेणच्या कारखान्यात गणपतीची मूर्ती घडताना नीट बघा. हत्तीचं डोकं आणि माणसाचं धड यांचा जोड डोळ्याला कुठेच खटकत नाही. रुंद कान खांद्यांवर येतात, मान जवळजवळ नाहीशी होते, सोंड छातीवरून पोटाकडे उतरते आणि दागिने उरलेली सांध झाकतात. खऱ्या हत्तीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि त्या प्रचंड डोक्याच्या मानाने लहान दिसतात. मूर्तीचे डोळे समोर असतात, त्यांना भुवया असतात, आणि त्यांची आखणी सर्वांत सरावलेल्या हाताकडे जाते. म्हणजे भाव जिथून उमटायचा तो भाग माणसाचा ठेवला आणि ओळख पटवणारे भाग हत्तीचे. बदामीच्या तीन नंबरच्या लेण्यात, तिथल्या शिलालेखानुसार इ.स. ५७८ मधलं हे काम, वराह आणि नरसिंह दोन्ही आहेत. वेरूळच्या पंधराव्या लेण्यातही नरसिंह आहे. तिथे वही घेऊन जा आणि फक्त मान-खांद्यांचा भाग उतरवा. शिल्पकारांनी हा प्रश्न किती विचाराने सोडवला आहे, हे प्रत्यक्ष काढून बघितल्याशिवाय कळत नाही.

मग एका चिठ्ठीवर स्वतःच्या पात्राचे पाच निर्णय लिहा. मी उदाहरणासाठी एसटीचा कंडक्टर असलेला एक बोका घेतो. मान आखूड आणि जाड. खांदे माणसाचे, कारण त्याला धावत्या गाडीत वरचा दांडा धरायचा आहे. हाताला पाच बोटं, पण तळव्याला गाद्या आणि टोकाला नख्या. पाय मांजराचे, बोटांवर उभे. शेपटी पूर्ण लांबीची. पात्राला काम दिलं की निर्णय आपोआप सुचतात, म्हणून नुसता 'उभा बोका' काढू नका.

धड, खांदे, पाय

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त वेळ याच भागाला द्या.

माणसाच्या बरगड्यांचा पिंजरा रुंद आणि पुढून मागे चपटा असतो. मांजराचा अरुंद आणि खोल. उभ्या पात्राला माणसाची रुंदी आणि मांजराची थोडी खोली द्या, समोरून बघताना खाली निमुळतं होणारं अंडं दिसेल असं. कंबर वेगळा अंडाकार. दोन्ही कण्याच्या रेघेवर बसवा आणि त्यांना एकमेकांच्या उलट थोडं कलू द्या. दांडा धरलेल्या बाजूचा खांदा वर गेला आणि शरीराचा भार दुसऱ्या बाजूच्या पायावर असला, की त्या दुसऱ्या बाजूची कंबर वर येते, तिथला खांदा खाली असतो आणि दोघांमधली कूस आवळली जाते. दोन्ही अंडी सरळ रेषेत ठेवली तर बोका पुतळ्यासारखा ताठ होईल.

मांजराचं हासळीचं हाड अगदी लहान असतं आणि दुसऱ्या कोणत्याही हाडाला जोडलेलं नसतं. म्हणून ते अरुंद फटीतून खांदे आवळून निसटतं. पण म्हणूनच त्याला आपल्यासारखा हात बाजूला आणि वर ताणता येत नाही. तुमचं पात्र हात हलवून बोलणार असेल, काही उचलणार असेल, तर त्याला माणसाची हासळी आणि रुंद खांदे द्यावेच लागतात. चित्रात हासळीच्या दोन हलक्या रेघा आधी काढा, मग दंड कुठून निघतो ते चुकत नाही.

आता पाय. दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग म्हणजे पाय पूर्ण माणसाचा, फक्त पाऊल मांजराचं. ज्यांना पायांची भीती वाटते त्यांनी पहिले काही आठवडे हाच वापरावा. दुसऱ्या मार्गात पाय तीन तुकड्यांचा होतो : कमरेपासून पुढे येणारी मांडी, गुडघ्यापासून मागे जाणारी नडगी आणि टाचेपासून खाली-पुढे उतरणारा तळपाय. त्याच्या टोकाला बोटं. मांडी आणि नडगी साधारण सारख्या लांबीच्या, तळपाय त्यांच्यापेक्षा आखूड. नवशिक्यांचा पाय इथे का बिघडतो? ते माणसाचा पूर्ण लांबीचा पाय काढून खाली आणखी एक तुकडा चिकटवतात आणि पात्र काठ्यांवर चढल्यासारखं होतं. आधी पायाची एकूण उंची ठरवा, मग त्या उंचीतच तीन तुकडे वाकडेतिकडे बसवा.

तोल तपासायला शरीराच्या भाराच्या मध्यापासून, म्हणजे साधारण बेंबीच्या आसपासून, खाली एक सरळ उभी रेघ टाका. पात्र स्थिर उभं असेल तर ती रेघ टेकलेल्या बोटांच्या आसपासच पडायला हवी. टाचेच्या मागे पडली तर बोका मागे कोसळणार. त्याहून चांगली तपासणी म्हणजे आरशासमोर स्वतः गुडघे वाकवून चवड्यांवर उभं राहणं. बैठक मागे जाते, छाती पुढे झुकते, पोटऱ्या ताणल्या जातात. हेच बदल पात्रात दिसले पाहिजेत.

शेपटी म्हणजे कण्याचाच पुढचा भाग. मांजराच्या शेपटीत साधारण वीस मणके असतात. ती पार्श्वभागाच्या मधून किंवा खालून निघत नाही. वर, कण्याच्या शेवटातून निघते. मूळ जाड ठेवा आणि कण्याची रेघ न तोडता शेपटीत न्या. पाठीमागून चित्र काढलं की चूक लगेच पकडता येते, म्हणून प्रत्येक पात्र एकदा तरी पाठमोरं काढा.

मांजराच्या पुढच्या पंजाची चार बोटं जमिनीला टेकतात, पाचवं आतल्या बाजूला थोडं वर असतं. त्यालाच अंगठा मानून खाली आणलं की हात नैसर्गिक दिसतो. बोटं माणसापेक्षा आखूड आणि जाड, पेरांपेक्षा टोकाकडे फुगीर. नख्या मांजराला आत ओढून घेता येतात, तेव्हा तिकीट फाडताना त्या दिसायची गरज नाही. कुत्र्याच्या मात्र कायम बाहेर असतात.

मान आणि डोकं

चार पायांवर चालणाऱ्या प्राण्यात कणा कवटीला मागच्या बाजूने येऊन मिळतो. माणसात तो खालून मिळतो. त्यामुळे मांजराचं डोकं उचलून माणसाच्या सरळ मानेवर ठेवलं की ते चिकटवल्यासारखं वाटतं. यावर उपाय म्हणजे मान थोडी पुढे झुकवायची, ती कवटीच्या मागच्या-खालच्या बाजूला जोडायची आणि हनुवटीखालून छातीपर्यंत लवेचा उतार भरायचा. गंमत म्हणजे मणके मानेत मांजराला, माणसाला आणि जिराफालाही सातच असतात. लांबी बदलली तरी मान वळण्याची रीत तुम्हाला ओळखीचीच वाटेल.

डोक्यासाठी एक गोळा घ्या. त्यावर मधली उभी रेघ आणि डोळ्यांची आडवी रेघ, दोन्ही गोळ्याच्या वळणाने. डोळ्यांच्या रेघेखाली मुस्कटासाठी एक छोटी पेटी बसवा. मांजराची पेटी आखूड, कोल्ह्याची लांब आणि निमुळती. गोळा आणि पेटी एकाच दिशेला बघताहेत ना, हे तपासा. तीन-चतुर्थांश वळलेल्या चेहऱ्यात पेटी पलीकडचा गाल झाकते, आणि मुस्कट लांब असेल तर पलीकडच्या डोळ्याचा आतला कोपराही झाकतं. तो कोपरा दाखवायचा मोह आवरा. समज येत नसेल तर शाडूचं लिंबाएवढं डोकं करा, दिव्याखाली फिरवा आणि प्रत्येक कोनातून काढा. नवशिक्यांच्या वहीत सगळी तोंडं एकाच दिशेला बघत असतात. उलट्या दिशेची, वरून बघितलेली आणि खालून बघितलेली डोकी मुद्दाम काढा.

कान डोक्याच्या माथ्यावर खोचलेले त्रिकोण नव्हेत. त्यांचा पाया बाजूला बराच खाली उतरतो, ते शंकूसारखे आतून पोकळ असतात आणि स्वतंत्रपणे फिरतात. डोळ्यांची बाहुली उजेडात उभी चीर, अंधारात गोल. वाघ-सिंहाची मात्र गोलच आणि बकरीची आडवी. तोंड मिटलेलं असताना खालचा सुळा वरच्या सुळ्याच्या पुढे बसतो. हसणारं किंवा गुरगुरणारं तोंड काढताना हा क्रम उलटा पडला तर बघणाऱ्याला कारण न कळताही काहीतरी चुकलंय असं वाटत राहतं.

भाव

भुवया माणसाच्या द्यायच्या की नाही, हा तुमचा प्रश्न. पण मांजराची स्वतःची भाषा हातात असताना ती न वापरणं मला फार मोठं नुकसान वाटतं. ताठ उभी शेपटी म्हणजे ओळखीचं, आनंदाचं येणं. जोरजोरात आपटणारी शेपटी म्हणजे वैताग. फुललेली म्हणजे भीती. कान आडवे पडले की भांडणाची तयारी किंवा घाबरणं. सावकाश मिटलेले डोळे म्हणजे निवांतपणा. गर्दीत सुट्ट्या पैशांवरून वाद झाला की आमचा कंडक्टर चेहऱ्याने सभ्य राहतो आणि शेपटी मात्र मागे आपटते. अशी फारकत माणसाच्या चित्रात करता येत नाही. कुत्र्याच्या शेपटीचे अर्थ वेगळे असतात, तेव्हा प्राणी बदलला की पुन्हा निरीक्षण करा.

कपडे, लव आणि रंग

कपडे शरीर पूर्ण झाल्यावरच. शेपटीला जागा लागते. पॅंट असेल तर पट्ट्याखाली मागे भोक किंवा बटणाची फट दाखवा. नऊवारीत मजा येते : काष्टा मागे कमरेला खोचतात, शेपटीचं मूळ त्याच्या जरासं खाली असतं. मग निऱ्या दोन बाजूंना वाटून मधून शेपटी काढायची, की काष्टा एका कडेला घ्यायचा? दोन्ही काढून बघा, पात्राच्या स्वभावाला कोणतं शोभतं ते दिसेल. टोपी दोन कानांच्या मध्ये बसते, फेट्याचे वेढे कानांच्या बुडाभोवतून जातात. बोटांवर चालणाऱ्या पायाला आपला बूट चढत नाही, टाच वर असते. अंगठ्याची चप्पल किंवा अनवाणी पाय बरे.

लव सगळीकडे काढायची नसते. गाल, कोपर, छाती, शेपटीचं टोक आणि गुडघ्यामागची वळणं एवढ्या ठिकाणी काही टोकं पुरतात. बाकीची कड सलग. लवेची दिशा नाकापासून कपाळावरून मागे आणि मग अंगावरून खाली. मिशा प्रत्येक बाजूला साधारण बारा असतात, चित्रात तीन-चार बास.

रंगात तीन मुख्य छटांवर थांबा आणि पोटाची बाजू फिकी ठेवा. पट्टेरी मांजराच्या कपाळावर इंग्रजी एमसारखी खूण असते. पांढरं-काळं-केशरी अशी तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादी असते, म्हणून कंडक्टर बोक्याला तो रंग देऊ नका. केशरी पट्टेरी चालेल, खाकीवर उठूनही दिसेल.

तपासणी आणि पात्राचा तक्ता

चित्र झालं की कागद उलटा करून उजेडासमोर धरा, किंवा पडद्यावर आडवं उलटवा. एका बाजूला झुकलेला चेहरा, खाली-वर झालेले डोळे तत्काळ दिसतात. नंतर आकृती पूर्ण काळी भरा. नुसत्या सावलीवरून हा बोका आहे आणि तो दांडा धरून उभा आहे, हे कळतं का? कळत नसेल तर कान आणि शेपटी शरीराला चिकटली आहेत, त्यांना मोकळ्या जागेत आणा.

आवडत्या चित्रकारांची चित्रं अभ्यासासाठी उतरवायला हरकत नाही. त्यांनी मान कशी जोडली, टाच कुठे ठेवली, हे उतरवल्याने कळतं. ती पानं वहीतच राहू द्या. दुसऱ्याचं पात्र किंवा त्याच्या चित्रावरून गिरवलेली रेघ स्वतःची म्हणून कुठेही टाकू नका. आणि मत मागताना "कसं वाटलं?" असं विचारण्यापेक्षा "मान नीट बसली का?" असं नेमकं विचारा, उत्तरही नेमकं येईल.

पात्र स्थिरावलं की त्याचा तक्ता करा. एका आडव्या कागदावर समोरून, बाजूने आणि पाठमोरं अशी तीन चित्रं, तिन्हींत डोळे, खांदे, कंबर, गुडघे आणि टाचा एकाच आडव्या रेघांवर. उंची डोक्यांत मोजा : माणूस साधारण साडेसात डोक्यांएवढा असतो, पण प्राण्याचं डोकं मोठं असल्याने पाच ते सहा डोकी धरा. बाजूला हाताचा उघडा पंजा, पावलाचा तळवा, शेपटीचं मूळ, चार भाव आणि रंगांचे चौकोन. तीन महिन्यांनी जुना तक्ता न बघता त्याच पात्राचा नवा तक्ता काढा, मग दोन्ही शेजारी ठेवा. पाच जोडांपैकी जो सर्वांत कमी सुधारला असेल, पुढच्या महिन्याचा सराव त्याचा.